वहिनी, तास बंद होता

वहिनी, येत्या मंगळवारी तुम्हाला जाऊन तीन आठवडे होतील. अजून माणसं भेटायला येतात. खुर्चीच्या कडेवर बसतात, चहा नको नको म्हणत घेतात आणि तुमच्याबद्दल असं काही बोलतात की ही कुणा भलत्याच बाईची गोष्ट चालली आहे असं मला वाटतं. फार शांत होत्या म्हणे. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत म्हणे. मी मुकाट मान हलवतो. दादा गेल्यापासून नऊ वर्षं आपण दोघांनी शिर्डीतला हा बावीस खोल्यांचा लॉज चालवला. मी काउंटरवर, तुम्ही आत. त्या नऊ वर्षांत तुम्ही मला उलटून बोलला नाहीत असा एक तरी आठवडा कुणी दाखवावा.

मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती चार माणसांत सांगण्यासारखी नाही, आणि तुमच्या फोटोसमोर उभा राहिलो की तोंडातून शब्द फुटत नाही. फोटोत तुम्ही हसताय, तेही मला बघूनच हसताय असं वाटतं. म्हणून लिहितोय.

पण आधी भांडणाचं. आपलं भांडण मिटलेलं नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

आपल्याकडे बाया टिकत नव्हत्या. आज ठेवली की दोन महिन्यांनी शेजारच्या लॉजवर. तिथून पुढच्या. मंदाबाई तर तीनदा सोडून गेली आणि तीनदा परत आली, आणि प्रत्येक वेळी तुम्ही तिला काही न विचारता झाडू हातात दिलात. मी माझ्या परीने सगळं करून पाहिलं. दिवाळीला साड्या दिल्या, मिठाईचे पुडे दिले, जेवण चालू केलं. जेवून गेल्या. तुम्ही मात्र एक दिवस, सोडून चाललेल्या एका बाईला चहा देऊन समोर बसवलंत आणि विचारलंत, “बाई, तिथं काय जास्त आहे?” ती म्हणाली, “जास्त काय न्हाई वो. हितं बी चादरी झटकायच्या, तितं बी चादरीच. जरा जागा बदलती, तेवढंच.”

ती गेली. तुम्ही संध्याकाळी काउंटरवर येऊन मला म्हणालात, “भावजी, आपल्याला चादरीशिवाय काहीतरी द्यायला पाहिजे.”

मला वाटलं, पंखे वगैरे मागताय. तुम्ही म्हणालात, शिकवायचं. आपल्याकडे निम्मे भक्त आंध्र-तेलंगणातून येतात, बायांना त्यांचं बोलणं कळत नाही, मग नुसत्या हातवाऱ्यांनी काम चालतं आणि त्यातून कटकटी होतात. तुमच्याकडे ती जाड वही होती. इतक्या वर्षांत पाहुण्यांकडून एकेक विचारून उतरवलेली तेलुगू वाक्यं, देवनागरीत. नीळ्ळु म्हणजे पाणी, दुप्पटी म्हणजे चादर, इथपासून ‘आपलं दर्शन नीट झालं का’ इथपर्यंत. ते शिकवू, म्हणालात. कॉम्प्युटरवर बुकिंग कसं घ्यायचं ते शिकवू. फोनवर हिंदीत कसं बोलायचं ते शिकवू. मी म्हटलं, शिकवा की, कामं आटोपली की पाच वाजता घ्या शाळा. त्यावर तुम्ही माझ्याकडे जे बघितलंत ते मला अजून आठवतं.

“पाच वाजता त्यांची घरं असतात. त्यांच्या वेळेत शिकवलं तर ते शिकवणं नाही, जादा काम झालं. दुपारी तीन ते चार. कामाच्या वेळेत.”

आणि चार वर्षांपूर्वी दाराबाहेर पाटी लागली. येथे काम करणाऱ्यास तेलुगू, हिंदी व कॉम्प्युटर शिकवले जाईल. कामाच्या वेळेत. शेवटचे दोन शब्द रंगाऱ्याने बारीक काढले म्हणून तुम्ही त्याच्याकडून ते पुन्हा मोठे करून घेतलेत. आजूबाजूचे लॉजवाले मला चहाच्या टपरीवर विचारायचे, काय हो, युनिफॉर्म कुठल्या रंगाचा ठेवलाय. मी तोंडदेखलं हसायचो आणि घरी येऊन तुमच्यावर चिडायचो.

तुमची शिकवायची रीत तर आणखी वेगळी. दिवसभरात ज्याच्या हातून काही चुकलं, त्याने तीन वाजता एकशे चार नंबरच्या खोलीत पाहुणा व्हायचं. बाथरूम ओलं ठेवलं? हो पाहुणी. गादीवर बस, पाय वर घे, बेल वाजव, तक्रार कर. बाकीच्यांनी तिची तक्रार तेलुगूत ऐकायची, तेलुगूत उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी मंदाबाई पाहुणी झाली. रोज बावीस गाद्या घालणारी बाई, पण गादीवर बसेना. “न्हाई बाई, चादर चुरगळंल.” तुम्ही तिला खांद्याला धरून बसवलंत. मी दारातून बघत होतो आणि खरं सांगतो, माझ्या डोक्यात तेव्हा फक्त त्या चादरीचाच विचार होता. मंदाबाईने गादीवरून हात फिरवला, मग वर बघून म्हणाली, “हितनं त्यो पंख्याचा कळकटपना दिसतुय की! खालनं कदी दिसला न्हाई.” त्या दिवसापासून आपल्याकडचे पंखे स्वच्छ आहेत.

बाया टिकायला लागल्या. नव्या येऊ लागल्या. हे मी तुमच्यासमोर कधी कबूल केलं नाही. कारण त्याच वेळी शिकलेल्या जायलाही लागल्या. एक मोठ्या हॉटेलात फोनवर लागली, एक विमानतळाकडच्या हॉटेलात काउंटरवर. मी तुमच्यावर ओरडलो होतो. म्हटलं, आपण काय दुनियेच्या हॉटेलांना माणसं तयार करून देण्याचा कारखाना काढलाय का? तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, “जातात त्या मोजता तुम्ही. आणि तिकडून इकडं येतात त्यांना कधी विचारलंत का, की बाई, का आलीस?”

मी कशाला विचारेन.

तशी रेखा आली. चैत्रात. नेवाशाकडची, नवरा टेम्पो चालवतो. मोठ्या हॉटेलातली चांगली नोकरी सोडून आपल्याकडे आली, कारण तिथे तिला कपडे धुवायच्या खोलीतून बाहेर पडायला मिळत नव्हतं आणि तिला काउंटरवर बसायचं होतं. पाटी वाचून आली. तुमचे पाय तेव्हा सुजायला लागले होते, जिना उतरवत नव्हता, तास मंदाबाईच कसाबसा घ्यायची. आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. खोल्या कमी पडायला लागल्या. मी एकशे चार नंबर गिऱ्हाइकाला देऊन टाकला आणि तास बंद केला. पाटी मात्र तशीच राहू दिली. विसरून नाही, वहिनी. जाणूनबुजून. पाटीमुळे बाया येत होत्या.

रेखाने मला तीनदा विचारलं. साहेब, तास कधी? तिसऱ्यांदा काउंटरवर गर्दी होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “तू इथं शिकायला आलीस का कामाला?” तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, “पाटीवर दोनी लिव्हलंय, साहेब.” दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

हे तुमच्या कानावर गेलं नव्हतं. पण तास बंद आहे हे गेलं. तुम्ही मला वर बोलावून घेतलंत. पलंगावर उशीला टेकून बसला होतात, धाप लागत होती, तरी बोललात, “पाटी खोटी झाली, भावजी. एक तर तास चालू करा, नाहीतर पाटी उतरवा. दोन्हीतलं एक करा.” मी म्हटलं, सीझन संपू द्या. तुम्ही म्हणालात, सीझन शिर्डीत कधी संपलाय? मी म्हटलं, बरं, सोमवारपासून चालू करतो. तुमची तब्येत बघून म्हटलं. मनात काही नव्हतं.

शनिवारी तुम्हाला राहात्याला दवाखान्यात हलवलं. सोमवारी संध्याकाळी भेटायच्या वेळेला मी आलो, तर नाकाला नळी, हाताला सुई, आणि तुमचा पहिला प्रश्न, “आज तास झाला?”

मी म्हटलं, झाला.

तोंडातून निघून गेलं. त्या वेळी एकशे चारमध्ये सहा जणांचं कुटुंब उतरलं होतं आणि गॅलरीत त्यांचे कपडे वाळत होते. तुमचा चेहरा एवढा खुलला की मला ते मागे घेता येईना. तुम्ही विचारलंत, पाहुणा कोण झालं? मी म्हटलं, मंदाबाई. काय चुकलं तिचं? गरम पाण्याचं बटण चालू करायला विसरली. मग तक्रार केली का? केली. मग उत्तर काय दिलं बायांनी? इथे माझी गाडी अडकली. मला तेलुगूतलं पाण्यापलीकडे काही येत नव्हतं. मी काहीतरी बरळलो. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, “चुकीचं सांगितलं त्यांनी. आधी क्षमा मागायची, मग किती वेळात येईल ते सांगायचं.” आणि अख्खं वाक्य तेलुगूत म्हणून दाखवलंत. माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलंत, बायांना सांगायला म्हणून.

दुसऱ्या दिवशी पकडला जाऊ नये म्हणून मी तुमच्या कपाटातून ती वही काढली. मला त्याची लाज वाटते, आणि थोडं हसूही येतं. खोटं नीट बोलता यावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा ती वही उघडली. राहात्याला जाताना गाडी रस्त्याच्या कडेला लावायचो, चार वाक्यं पाठ करायचो आणि मग आत यायचो. तुमच्यासमोर अख्खा तास उभा करायचो. मंगळवारी टॉवेलवरून झालेली तक्रार. बुधवारी म्हटलं, नवीन रेखाने फोनवर बुकिंग घेतलं, सगळं तेलुगूत. वहिनी, रेखाला जाऊन तेव्हा दहा दिवस झाले होते. तुम्ही माझ्याकडून पायावरची चादर सारखी करून घेतलीत. मग म्हणालात, “रेखाला माझा निरोप द्या. म्हणावं, तास चुकवू नकोस.” मी म्हटलं, देतो.

गुरुवारी तर मी कहर केला. बाबांचा वार, शिर्डीत पाय ठेवायला जागा नसते, चार वर्षांत आपण गुरुवारी कधी तास घेतलेला नाही. मी त्या दिवशीही तास सांगितला. सांगता सांगता ते माझ्या लक्षात आलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “गुरुवारी पण? वा.” मी सुटलो असं वाटून खाली येऊन चहा प्यायलो.

शुक्रवारी तुम्ही मला शिकवलंत की चिडलेल्या माणसाशी बोलण्याआधी त्याच्या हातात पाण्याचा ग्लास द्यायचा. शनिवारी म्हाताऱ्या भक्ताला जिना चढवताना काय बोलत राहायचं ते. रविवारी तुमचा आवाज इतका बारीक झाला होता की मला कान जवळ न्यावा लागला.

आणि आठव्या दिवशी, सोमवारी, तुम्ही विचारलंत, “आज पाहुणा कोण?” माझ्या मनात दुसरंच नाव होतं. पण मी म्हटलं, “मी.” का म्हटलं माहीत नाही. तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे नीट बघितलंत. “काय चुकलं तुमचं?”

मी म्हटलं, एका गिऱ्हाइकावर ओरडलो.

तुम्ही वाट बघत होतात. मी पुढे काही बोललो नाही. मग तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात आणि म्हणालात, “बरं. उद्या बोलू.” मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात.

हेच ते सांगायचं राहिलेलं. तास बंद होता, वहिनी. एकही दिवस झाला नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला मी आठ दिवस खोटं सांगितलं. तुम्ही समाधानाने गेलात असं सगळे म्हणतात, आणि ते समाधान माझ्या थापेचं होतं. रविवारी तेरावं झालं. सोमवारी सकाळी मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाटी उतरवायला स्टुलावर चढलो. निदान दोन्हीतलं एक तरी करावं म्हटलं.

मंदाबाई फरशी पुसत होती. म्हणाली, “काय करतायसा, साहेब?” मी स्टुलावरूनच तिला सगळं सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. रडूही आलं, खोटं कशाला बोलू. ती फडकं पिळत ऐकत राहिली.

मग म्हणाली, “त्यांला म्हाईत हुतं.”

मी खाली उतरलो.

“म्या बुधवारी दुपारी पेज घिऊन गेल्ते. त्यांनी इचारलं म्हून सांगितलं. म्हनलं, बाई, तास-बिस काय न्हाई, एकशे चारात गिऱ्हाईक हाय. आन ती रेखा बी गेली सोडून. मला वाटलं, लई चिडत्याल. तर हसल्या. म्हनल्या, मंदे, त्यांला काय बोलू नगं. भावजी रोज हितं यिऊन तास घेत्यात. चार वर्सांत पयल्यांदा घेत्यात. लई अब्यास करून येत्यात. मोडू नगं.”

वहिनी, मी तिथेच स्टुलावर बसलो. एकेक आठवत गेलं. तुमचं ते ‘गुरुवारी पण? वा.’ रेखाचा निरोप. आणि शेवटच्या दिवशी तुम्ही काय चुकलं विचारून माझ्याकडे बघत राहिलात ते. तुम्ही मला दार उघडून दिलं होतं, आणि मी उंबऱ्यातच उभा राहिलो. मला तुमचा राग आला. खरंच आला. एक शब्द बोलला असतात तर मी तिथल्या तिथे पाय धरले असते. मग वाटलं, म्हणूनच बोलला नसाल. पाय धरून मी मोकळा झालो असतो आणि वही पुन्हा कपाटात गेली असती.

पाटी उतरवली नाही. त्याच दुपारी एकशे चारचं गिऱ्हाईक गेलं, आणि मी ती खोली पुन्हा दिली नाही. तीन वाजता सगळ्या बाया जमल्या आणि माझ्याकडे बघत बसल्या. मला काय शिकवायचं ते ठाऊक नव्हतं. माझ्याकडे होते ते फक्त तुम्हाला सांगितलेले आठ तास. तेच घ्यायचे ठरवले, त्याच क्रमाने. पहिल्या दिवशी गरम पाणी. मंदाबाईच पाहुणी झाली, मुद्दाम बटण न लावता. उत्तर मी तुमच्या दुरुस्तीसकट शिकवलं.

बुधवारच्या तासाला रेखा लागत होती. मंगळवारी तिला फोन केला. आधी माफी मागितली, मग तुमचा निरोप सांगितला. तिने निरोप मला पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, “मी दुसरीकडं लागले आता, साहेब. सोडता येनार न्हाई. पर माझी सुट्टी रोज अडीचला हुती. तासाला आले तर चालंल का?” आणि मी चालेल म्हटलं. तुमचा हा दीर. दुसऱ्याच्या हॉटेलात काम करणारी बाई रोज तीन वाजता आपल्या गादीवर बसून शिकते, चहा पिऊन जाते, आणि मी ब्र काढत नाही. हसा आता पोटभर. फोनवरचं बुकिंग तिने खरंच तेलुगूत घेतलं, मी तुम्हाला सांगितलं होतं त्याहून चांगलं.

गुरुवारचाही घेतला. बाहेर रस्ता माणसांनी भरलेला, काउंटरवर तिघेजण माझ्या नावाने शंख करत होते, आणि आम्ही आत टॉवेलाच्या घड्या घालत क्रियापदं म्हणत होतो. मग पाण्याचा ग्लास झाला. जिना झाला. आज रविवारचा सातवा झाला.

उद्या आठवा. पाहुणा मी. ‘काय चुकलं तुमचं?’ याचं खरं उत्तर माझ्याकडून तुम्हाला द्यायचं राहिलं, ते उद्या गादीवर बसून मंदाबाईला आणि रेखाला द्यायचं आहे. तेलुगूत जमणार नाही, मराठीतच देईन. भीती वाटते, पण ते होईल.

परवाचं कळत नाही. परवा मंगळवार. तीन वाजता सगळ्या जमतील, वही उघडून माझ्याकडे बघतील. नववा तास तुम्ही ऐकलेला नाही, वहिनी. तो चुकला तर सांगणारं कुणी नाही.